शाळेची तक्रार : द्यावी कोठे आणि चौकशी होते कशी



या पानावर आपण दरवेळी बेणेप्रक्रिया, खोडवा, ठिबक असले विषय वाचता. या वेळी विषय निराळा घेतला आहे, त्याला कारण घडले.

गेल्या हंगामात एका फडावर तोडणी पाहत होतो. टोळीतील एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "साहेब, पोरगी गावाकडं हाय, आजीपाशी. साळंतल्या मास्तरचं कायतरी वंगाळ सांगती. आमी उचल घेऊन हितं आलेलो. जावं कसं, अन् तक्रार द्यावी कुठं?" शेतकी खात्यात वीस वर्षे काढली, पण मला उत्तर देता आले नाही. मग शिक्षण खात्यातील एका परिचितांकडे आणि एका वकिलांकडे बसून सगळे समजून घेतले. आपली पोरेही जिल्हा परिषदेच्याच शाळांत जातात. म्हणून ते येथे देतो.

तक्रारी दोन जातीच्या असतात, आणि त्यांची वाट वेगळी आहे. ही गल्लत झाली की सगळेच बिघडते.

पहिली जात कामातल्या कसुरीची. मास्तर उशिरा येतात, न सांगता गैरहजर राहतात, पैसे घेऊन खाजगी शिकवणी घेतात, मुलांना मारतात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे दोन्ही बंद आहे. "आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो" असे पुष्कळ सभासद म्हणतात. म्हणोत बापडे, कायदा तसे मानीत नाही. शिक्षकाने खाजगी शिकवणी घेण्यास कलम २८ ने मनाई आहे.

अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपलीच माणसे. तक्रार खुद्द मुख्याध्यापकांविरुद्ध असेल तर सरळ पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. मुलाच्या हक्काची लेखी तक्रार कोणालाही करता येते. कलम ३२ प्रमाणे दोन्ही बाजूंचे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

अर्जात "सर नीट शिकवत नाहीत" एवढेच लिहिले तर चौकशी करणारा काय तपासणार? तारीख, वार, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, हे लिहावे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय ऑफिस सोडू नये. वजनकाट्यावरून पावती न घेता गाडी हाकणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही, पण शाळेच्या बाबतीत तोंडी सांगून घरी येणारे पुष्कळ पाहिले.

पुढे आधी प्राथमिक चौकशी होते. हजेरीपट पाहतात, जबाब घेतात. तथ्य दिसले तर शिक्षकाला दोषारोपपत्र देतात आणि त्याचा लेखी खुलासा मागतात. मग चौकशी अधिकारी साक्षीपुरावा घेतो. त्यात साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकालाही असतो. शेवटी शिक्षेचा आदेश निघतो. जिल्हा परिषद नोकरांसाठी याचे नियम १९६४ सालापासून आहेत. मध्यंतरी झालेले निलंबन ही शिक्षा नव्हे, चौकशी मोकळेपणी व्हावी म्हणून केलेली ती सोय असते.

याला वेळ लागतो म्हणून लोक चिडतात. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाचा समजला म्हणून एका चांगल्या शिक्षकावर तीस सह्यांचा अर्ज गेलेला मी पाहिला आहे. चौकशीत सही करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अर्जात काय आहे हेच सांगता येईना. शिक्षकाचे म्हणणे ऐकायचा नियम नसता तर तो माणूस गावाने गमावला असता.

दुसरी जात लैंगिक अत्याचाराची. येथे समिती नाही, बैठक नाही, "आधी खात्री करू" नाही. सरळ पोलिस. मुलांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला असे काही कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. शुद्ध हेतूने खबर देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती असून न कळविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले आणि एका डॉक्टरवरचा रद्द झालेला खटला पुन्हा उभा केला.

२०१० च्या सुमारास, म्हणजे हा कायदा येण्याआधी, प्लॉट पाहणीला गेलेलो असताना एका गावात अशाच बैठकीला मलाही बसविले होते. मुलीच्या बापाने मान वर केली नाही. गावची अब्रू, पोरीचे लग्न, असे बोलणे झाले आणि मास्तरांची बदली करून घ्यायची ठरली. मीही मान डोलावली. मुलगी सातवीतूनच शाळेबाहेर गेली. मास्तर दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू झाले. उसातला काणीचा चाबूक उपटून शेजाऱ्याच्या बांधावर टाकू नका, पिशवीत घालून जाळा, असे मी गटागटांत सांगत फिरतो. त्या दिवशी आम्ही नेमके तेच केले होते, हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली.

आता तर आपसात मिटविण्याला कोर्टातही थारा नाही. राजस्थानात एका शिक्षकाने मुलीच्या बापाशी स्टँपवर तडजोड केली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. प्रकरणाशी थेट संबंध नसलेले दोघे नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निकाल फिरला. बापाच्या सहीने असा गुन्हा मिटत नाही.

मूल काही सांगेल तेव्हा ऐकून घ्यावे, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवावेत आणि पुन्हा पुन्हा विचारू नये. चुलता, सरपंच, मुख्याध्यापक अशा पाच जणांपुढे तेच वदवून घेतले की पोर गप्प होते. जबाब पोलिस घेतात, तोही मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो फौजदार दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबाप किंवा विश्वासाचे माणूस जवळ असताना. पोराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचे असते. मुलांसाठी १०९८ हा मोफत फोनही आहे.

राहिली त्या फडावरच्या बाईची अडचण. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलिस ठाण्यात खबर देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवितात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत हे स्पष्टच लिहिले आहे. म्हणजे टोळीतल्या आईबापांनी तोड सोडून शेकडो किलोमीटर जायची गरज नाही, आपल्या तालुक्याचे ठाणे पुरते. त्या बाईची खबर रीतसर गेली, त्याहून अधिक येथे लिहिणे योग्य नाही.

पहिल्या जातीच्या तक्रारीचा कोरा नमुना प्रत्येक गट ऑफिसात शेतकी सहायकाकडे ठेवला आहे, तो विनामूल्य मिळेल. लिहिता येत नसेल तर सहायक लिहून देतील. दुसऱ्या जातीसाठी नमुन्याची वाट पाहू नये. तोंडी सांगितले तरी पोलिसांनी ते लिहून घेऊन वाचून दाखवायचे असते.

— ऊस विकास अधिकारी