मॉनिटर मोठा, ओळी कमी!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय आमच्या घरातूनच सुरू झाला, म्हणून मराठीतच लिहितेय.

माझे बाबा घरी बसून लोकांचे हिशेब करून देतात. त्यांचा १९ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर बंद पडला. "तू इंजिनिअर होणार ना, तूच सांग कुठला घेऊ!" मी ऐटीत १९ इंची वाईडस्क्रीन सुचवला. चार दिवसांनी हॉस्टेलवर असताना फोन आला, "अगं, नवा मोठा आहे ना? मग एक्सेलमध्ये ओळी कमी कशा दिसतात?" मला उत्तर येईना. मग कागद-पेन घेऊन बसले.

मॉनिटरचे इंच म्हणजे कर्ण. कर्ण तोच ठेवून आकार जितका रुंद करू, तितकं क्षेत्रफळ घटतं. पायथागोरस लावून बघा. जुना मॉनिटर ५:४ चा, म्हणजे १४.८ बाय ११.९ इंच, क्षेत्रफळ १७६ चौरस इंच. १६:९ चा १९ इंची घेतला तर १६.६ बाय ९.३ इंच, म्हणजे १५४ चौरस इंच. सुमारे १२ टक्के जागा कमी!

आता पिक्सेल. जुना १२८० × १०२४, नवा १३६६ × ७६८. उंचीत २५६ पिक्सेल गेले. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेलची असते, म्हणजे १२ ओळी गायब. रुंदीत मिळाले फक्त ८६, म्हणजे जेमतेम एक कॉलम. बाबांची तक्रार शंभर टक्के खरी होती.

मग हा १६:९ आला कुठून? टीव्हीतून! १९८० च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीसाठी कर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने तो सुचवला. जुना टीव्ही ४:३ आणि रुंद सिनेमा २.३५:१, या दोघांचा भूमितीय मध्य १.७७ येतो, तो १६:९ च्या अगदी जवळचा. थोडक्यात, हिशेबाच्या कामासाठी हा आकार कुणी ठरवलाच नव्हता.

पण वाईडस्क्रीन वाईट असं मुळीच नाही. १९२० × १०८० घेतला तर एका बाजूला डेटाशीट, दुसऱ्या बाजूला कोड, दोन्ही ९६० पिक्सेलमध्ये आरामात बसतात. कॅडमध्ये टूलबार बाजूला ठेवून ड्रॉइंगला जागा उरते. सिनेमाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्याही लहान होतात. तोटा एवढाच, की ए-फोरचं उभं पान पूर्ण दिसत नाही आणि पूर्ण रुंदीची ओळ वाचताना पुढची ओळ चुकते.

म्हणून घेताना तीन गोष्टी बघा. एक, इंचांबरोबर उंचीही मोजा. दोन, रिझोल्यूशनचा दुसरा आकडा वाचा. १९२० × १२०० मिळाला तर उंचीत १२० पिक्सेल जास्त. तीन, स्टँडवर मॉनिटर उभा फिरतो का ते विचारा.

बाबांना मी सांगून टाकलं की चूक माझीच. ते हसले, "असू दे गं. पुढच्या वेळी दुकानात पट्टी घेऊन जाऊ."