पटलाजवळ साचणारे मीठ

गोडे आणि खारे पाणी यांच्यामध्ये अर्धपार्य पटल ठेवले असता गोडे पाणी आपोआप खाऱ्या बाजूस जाते. या क्रियेस तर्षण म्हणतात. खाऱ्या बाजूवर तर्षणदाबाहून अधिक दाब दिल्यास ओघ उलटतो व मीठ मागे ठेवून पाणी पटलापार येते. हेच व्यस्त तर्षण होय. 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे कार्यक्षम पटल तयार केल्यावर ही पद्धत व्यवहार्य ठरली.

परंतु मागे राहिलेल्या मिठाचे काय होते? ओघ त्याला सतत पटलाकडे लोटतो, पटल त्याला अडविते. त्यामुळे पटलालगतच्या, मिलिमीटरहूनही पातळ अशा थरात मीठ साचते आणि विसरणाने मूळ प्रवाहात परतू लागते. पटलातून झिरपणारा अल्पांश सोडल्यास, येणारे व परतणारे मीठ समसमान झाले म्हणजे थरातील संहती स्थिरावते. या साचण्याला संहती-ध्रुवण अशी संज्ञा आहे.

अशा थरातून नमुना काढू गेल्यास थरच विस्कटतो. म्हणून मापन अप्रत्यक्ष रीतीने करावे लागते. समुद्राच्या पाण्याचा तर्षणदाब सुमारे 25 वातावरणे असतो. समजा, 55 वातावरणांचा दाब दिला. मीठ साचले नसते, तर पाणी ढकलण्यास 30 वातावरणे उरली असती. प्रत्यक्षात मात्र, त्याच तापमानास त्याच पटलातून शुद्ध पाणी 25 वातावरणांच्या दाबाखाली जितके येते तितकेच मिळाले, तर पटलालगतचा तर्षणदाब 30 वातावरणे आहे, असे ठरते. अर्थात, तेथील पाणी मूळ पाण्याच्या सुमारे 1.2 पट खारट आहे.

ही झाली सरासरी. थराची रचना जाणण्यासाठी प्रकाशाचे साहाय्य घेतात. मीठ वाढले की पाण्याचा वक्रीभवनांक वाढतो. पारदर्शक कोठीतून पटलाला समांतर प्रकाश सोडल्यास व्यतिकरणाचे पट्टे पटलाजवळ वाकतात. त्यावरून निरनिराळ्या अंतरांवरील संहती काढता येते.

या मापनाचे महत्त्व व्यावहारिक आहे. पटलालगत मीठ वाढले की पाणी कमी मिळते, मीठ अधिक झिरपते आणि कॅल्शियम सल्फेटसारखे क्षार पटलावर कवच धरतात. केवळ दाब वाढविणे हा यावर उपाय नव्हे. ओघ वाढला की साचणेही वाढते. पटलावरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग वाढविणे व मध्ये जाळी बसवून ते घुसळणे, हा खरा उपाय. चेन्नईजवळ मिंजूर येथे 2010 साली सुरू झालेल्या, दररोज 10 कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पासारख्या ठिकाणी शहराचे पाणी या अदृश्य थरावरही अवलंबून असते.