ओस पडलेली गावे

जांब समर्थच्या दक्षिणेस वाहणाऱ्या गोदावरीला वरच्या अंगास प्रवरा मिळते. प्रवरेकाठचे दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगातील मोठे गाव होय. इ. स. पूर्वी १००० च्या सुमारास ते ओस पडले. पाऊसमान घटले असावे, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव मात्र आणखी सुमारे ३०० वर्षे टिकले. पण कोणत्या अवस्थेत? ऐसपैस चौकोनी घरे जाऊन तेथे लहान गोल झोपड्या आल्या. शेती पुरेना, म्हणून लोक शिकारीकडे व गुरेमेंढ्यांकडे अधिक वळले. पूर्वजांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खणला होता. परंतु पूरच येईना, तेथे पाट काय करील! इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास त्या झोपड्याही रिकाम्या झाल्या.