साथीच्या काळातील दिव्यांगांचे पुनर्वसन : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. प्रकृती, आहार व वय भिन्न असूनही अनेक जण एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, याचे कारण तेथे वायू, जल, देश व काल यांच्या विकृतीत सांगितले आहे. परंतु व्याधी समान असली तरी तिचा भार समान नसतो, हे आम्ही २०२० साली उपनगरांत पाहिले.

मुंबईतील पुनर्वसन चिकित्सेचा इतिहास साथीशी जोडलेला आहे. कन्येला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये येथे अशा बालकांसाठी चिकित्सालय सुरू केले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. बोरिवली वा मुलुंडच्या रुग्णास तेथे नेणारा मार्ग म्हणजे लोकलचा दिव्यांगांसाठीचा राखीव डबा. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि अनेकांचे उपचारही थांबले.

आमचा एक अनुभव येथे नमूद करणे आवश्यक वाटते. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत राहणाऱ्या, मज्जारज्जूच्या आघाताने दोन्ही पाय निकामी झालेल्या एका तरुणाच्या आईने दूरध्वनीवरून पायांच्या ताठरपणाविषयी विचारले. आम्ही तैलाभ्यंग व गरम पाण्याच्या पिशवीने शेक सांगितला. पायांना स्पर्शज्ञान आहे की नाही, हे विचारले नाही. टाचेवर भाजल्याचा फोड आला. व्रण भरण्यास अनेक आठवडे लागले. दोष पूर्णतः आमचा होता. वातव्याधीत स्नेहन-स्वेदन हे सूत्र योग्यच आहे; परंतु सुप्ती असलेल्या अवयवावर रुग्णाला उष्णतेची मात्रा कळत नाही, म्हणून तेथे शेक देऊ नये.

यावरून पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

१) शय्याव्रण : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे व टाचा रोज पाहाव्यात. त्वचा लाल झालेल्या जागी मर्दन करू नये.

२) संधिसंकोच : सांध्यांच्या हालचाली नातेवाइकांकडून रोज, हळुवारपणे करून घ्याव्यात. त्या कशा कराव्यात हे पूर्वीच प्रत्यक्ष शिकवून ठेवावे. संकटकाळी दूरध्वनीवरून शिकवणे कठीण जाते.

३) अभ्यंगापूर्वी परीक्षण : एकाच पोटरीस सूज, उष्णता वा वेदना असल्यास शिरेत रक्ताची गाठ असण्याची शंका घ्यावी. मर्दन थांबवून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

४) संवाद : ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिरांना मुखपट्टीमुळे काहीच कळत नाही. सूचना लिहून द्याव्यात. दृष्टिहीनांना स्पर्शाचा आधार लागतो. अंतराचा नियम सांगून तो काढून घेऊ नये, हात धुऊन द्यावा.

५) औषधविक्रेत्यांसाठी : ताठरपणावरील बॅक्लोफेन किंवा अपस्मारावरील औषधे अचानक बंद झाल्यास झटके येऊ शकतात. असे नियमित ग्राहक, तसेच मूत्रनलिका व डायपर लागणारे रुग्ण यांची यादी त्यांच्या संमतीने ठेवावी. टंचाईत त्यांचा वाटा प्रथम बाजूला काढावा व घरपोच द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीकाळी दिव्यांगांना समान संरक्षण व सुरक्षितता देण्याची तरतूद आहे. तथापि कायदा टेकडीच्या पायऱ्या चढत नाही. त्या आपल्यालाच चढाव्या लागतात. अंधेरी ते बोरिवली व घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयाच्या परिसरातील अशा रुग्णांची नोंद आजच करावी आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहून ठेवावा : स्पर्शज्ञान आहे काय? आम्ही तो विचारला नव्हता.