जुन्या भिंतीचं भाडं

पाहुणा आला की वसईकर त्याला किल्ल्यात नेतो. तशी मीही पावसाळ्यात पुण्याच्या मावसबहिणीला घेऊन गेलो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा, त्यांच्या फटींतून उगवलेलं गवत आणि छपराच्या जागी आभाळ. शेजारच्या मठाच्या कमानींकडे बघत ताई म्हणाली, "एवढी जागा आहे, याचं हॉटेल का नाही केलं रे कुणी?" मी म्हटलं, "ताई, हे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. चटई टाकून आडवी झालीस तरी शिट्टी वाजेल."

विषय हसण्यावारी गेला, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. ज्या फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन संघांनी वसईत मठ बांधले, त्यांचेच मठ पोर्तुगालातही होते. इथले मठ 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर ओस पडत गेले. तिथले 1834 साली सरकारनेच धार्मिक संघ बरखास्त केल्यावर रिकामे झाले. मग कुठे लष्कराची बराक आली, कुठे इस्पितळ, आणि विसाव्या शतकात त्यांतल्या काही मठांची चक्क हॉटेलं झाली. आपल्या किल्ल्यात रात्र काढता येत नाही, हे ठीकच आहे. पण जिथे काढता येते तिथे वसईच्या माणसाला एकूण किती पडतं, हे ताईला सांगायला बसलो आणि हिशेब वहीभर झाला. त्यातलाच हा भाग.

पहिली गोष्ट. अशा हॉटेलात आपण पैसे मोजतो ते गादीचे नव्हे, भिंतीचे. गादी, टीव्ही आणि एसी निम्म्या पैशांत वसई स्टेशनच्या आसपासही मिळतात. म्हणून ज्या भिंतीचं भाडं भरतो ती भिंत आपल्या वाट्याला येणार आहे का, हे आधी बघायचं. मी एकदा इथेच फसलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. फोटोत दगडी कमान, सागवानी जिना, उंच छत. प्रत्यक्षात सामान उचललेला मुलगा कमानीखालून गेला, जिन्यापाशी थांबलाच नाही, मुदपाकखान्याला वळसा घालून मागच्या तीन मजली इमारतीत शिरला. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, गुळगुळीत टाइल्स. पावतीवर मात्र 'हेरिटेज डीलक्स'. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, हेरिटेज हे आमच्या कॅटेगरीचं नाव आहे." मूळ वाड्यातल्या खोल्या आठच होत्या आणि त्यांचा दर अडीच हजारांनी जास्त होता. बुकिंगच्या पानावर हे लिहिलेलंही होतं, अगदी तळाला. वाचलं नाही ती चूक माझी.

तेव्हापासून मी आगाऊ रक्कम भरायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारतो: खोली मूळ इमारतीत आहे की नव्या विंगमध्ये, कितव्या मजल्यावर, खिडकी कुठे उघडते. उत्तर टाळलं तर समजायचं ते समजावं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं हेरिटेज हॉटेलांचं अधिकृत वर्गीकरण आहे आणि त्यासाठी वास्तू 1950 पूर्वीची लागते. पण पाटीवर 'हेरिटेज' लिहायला कुणी कुणाला अडवत नाही, तेव्हा ते वर्गीकरण आहे का हेही विचारून घ्यावं.

उलट बाजूही आहे. मूळ इमारतीतली खोली म्हणजे सुखच असं नाही. दोन-तीन फुटी भिंतीतून वायफाय येत नाही आणि मोबाइलची रेंज खिडकीशी उभं राहिल्यावर येते. न्हाणीघर मागाहून कोपऱ्यात बसवलेलं असतं आणि त्यात पाणी अडवायला उंबरठा. रात्री दिवा न लावता उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो हमखास लागतो. जुन्या वास्तूत लिफ्ट बहुधा नसतेच. आईवडिलांना नेणार असाल तर तळमजला मागा, आणि तो मूळ इमारतीत नसेल तर सरळ नवी विंग घ्या. दिवसा सगळी वास्तू फिरायला तुमचीच आहे.

आता कर, कारण खरी मेख तिथे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचा खोलीचा दर 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर गेला की 18 टक्के. आणि 18 टक्के वरच्या फरकावर नाही, अख्ख्या रकमेवर. 7,500 ची खोली करासकट 7,875 ला पडते. 7,600 ची पडते 8,968 ला. दर शंभर रुपयांनी वाढला, बिल 1,093 रुपयांनी. म्हणून 7,600, 7,800, 8,000 असले दर दिसले की फोन उचलावा आणि म्हणावं, "साडेसात हजारांत बसवा की." मंगळवार-बुधवारी बसवतातही. हा स्लॅब छापील दरावर नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर ठरतो. म्हणजे सवलतीचा फायदा दोनदा होतो.

त्याच्यातच अडकलेली दुसरी गोष्ट न्याहारीची. हॉटेलवाल्यांच्या भाषेत नुसती खोली म्हणजे ईपी, खोली आणि न्याहारी म्हणजे सीपी, एक जेवण वाढवलं की मॅप, दोन्ही जेवणं म्हणजे एपी. समजा ईपी दर 7,200 आणि सीपी 7,800 आहे. सीपी घेतलात तर हॉटेल बहुधा एकच दर धरून सगळ्यावर 18 टक्के लावतं: 9,204. ईपी घेऊन दोघांची 600 रुपयांची न्याहारी खाली रेस्टॉरंटमध्ये वेगळी केलीत, तर खोलीचे 7,560 आणि न्याहारीचे 18 टक्के धरूनही 708, मिळून 8,268. तेच पोहे, तीच ऑम्लेट, फरक 936 रुपये. जादा गादीचे पैसे कुठल्या ओळीत धरणार, हेही याच कारणासाठी आधी विचारावं.

रेस्टॉरंटवर 18 टक्के का, असं कुणी विचारेल. मागच्या आर्थिक वर्षात हॉटेलची एखादी खोली 7,500 च्या वर गेली असेल तर तिथल्या खाण्यावर सर्वांनाच 18 टक्के लागतात, राहायला आलेल्याला आणि नुसत्या चहाला आलेल्यालाही. बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर तो कर नव्हे. तो सक्तीचा नाही, काढून मागता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे. पाण्याच्या बाटलीवरून मात्र वाद घालू नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 सालीच मान्य केलं आहे. घरून दोन लिटरचा थर्मास न्यावा.

प्रत्यक्ष सहलीचा हिशेब घेऊ. मुंबई-पुण्याच्या टप्प्यात सगळ्यांच्या ओळखीचं ठिकाण म्हणजे जाधवगड. छत्रपती शाहूंच्या काळातले सरदार पिलाजीराव जाधवराव यांची 1710 सालची गढी, दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे जाधववाडीत. गढी म्हणजे अर्धं घर आणि अर्धं ठाणं. बुरूज, भलामोठा दरवाजा, आणि आवारात जुन्या भांड्याकुंड्यांचं 'आई' नावाचं संग्रहालय. वसईहून घोडबंदर, ठाणे करत जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर. गाडी लिटरला 15 देते आणि पेट्रोल 104 रुपये धरलं तर 2,800. द्रुतगती मार्गाचा टोल एका बाजूचा 320, दोन्हीकडचे 640. फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय म्हणून निश्चिंत राहू नका, तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, हा रस्ता राज्याचा आहे. खोलीचे 9,000 धरू. दर हंगामाप्रमाणे खालीवर होतात, हा आकडा नुसता हिशेबासाठी. करासकट 10,620. दोघांच्या खाण्यापिण्याचे 3,000, करासकट 3,540. बेरीज 17,600. म्हणजे संकेतस्थळावर दिसणारा दर दुप्पट केला की घरून किती घेऊन निघायचं ते कळतं. ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याच्या झोपण्याजेवणाची सोय आहे का ते विचारा. गाडीत झोपवू नका.

दुसरं टोक तेरेखोलचं. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला, 1746 साली पोर्तुगीजांनी घेतलेला हा किल्ला गोव्याचा असला तरी नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला आहे. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. आत सेंट अँथनीचं चर्च, आणि त्याच्याभोवती सात खोल्यांचं हॉटेल होतं. खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं. वसईकराला इथे जायला वांद्रे-मडगाव गाडी सोयीची. 2024 च्या ऑगस्टपासून ती आठवड्यातून दोनदा धावते, वसई रोडला थांबते. सावंतवाडीला उतरायचं, पुढे शिरोडा-रेडीच्या रस्त्याने. मात्र सरकारी वास्तूतली हॉटेलं भाडेकरारावर चालतात. करार बदलला की चालक बदलतो, कधी कुलूपही लागतं. तेव्हा जुन्या प्रवासलेखांच्या भरवशावर तिकीट काढू नये. त्याच आठवड्यात फोन करून खोली पक्की करावी, आगाऊ रक्कम चालू चालकाच्या नावाच्या पावतीवरच द्यावी आणि परताव्याची अट लेखी घ्यावी.

आणि पोर्तुगाल. वसईतून पोर्तुगालातल्या फातिमाच्या आणि लूर्दच्या यात्रेला जाणारी मंडळी कमी नाहीत, म्हणून हे लिहितो. लिस्बनहून रेल्वेने दीडेक तासावर एव्होरा गाव आहे. तिथे रोमन देवळाच्या खांबांना लागून पंधराव्या शतकातला लोइओस मठ उभा आहे. 1965 पासून तो हॉटेल आहे, आणि अशा हॉटेलला तिकडे 'पोसादा' म्हणतात. खोल्या म्हणजे संन्याशांच्या कोठड्या. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडायला जागा पुरत नाही. त्याची तक्रार करू नये, तेच बघायला गेलोय. जेवण मठाच्या ओवरीत. वसईच्या मठात जी ओवरी आपण मनाने पुरी करतो, ती तिथे छपरासकट बघायला मिळते, आणि माझ्या मते एवढ्यासाठी एक रात्र वसूल आहे. दोन नकोत. खोलीखेरीज धरायचे खर्च: शेंगेन व्हिसाचे माणशी 90 युरो, अर्ज नाकारला तरी परत न मिळणारे, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. लिस्बनमध्ये माणशी रात्रीला 4 युरो पर्यटन कर, तो बहुधा हॉटेलच्या काउंटरवर वेगळा मागतात. दोघांच्या तीन रात्रींचे 24 युरो. टूरवाल्याने 'सर्व समाविष्ट' म्हटलं असलं तरी हे आत आहेत का ते विचारा.

एवढं नको असेल तर सरकारी विश्रामगृहं आहेतच. सार्वजनिक बांधकाम खात्याचे आणि वनखात्याचे काही बंगले इंग्रजी अमदानीतले. खोल व्हरांडा, उंच छत, आणि खानसामा असलाच तर त्याच्या हातची कोंबडी. भाडं हॉटेलच्या मानाने किरकोळ. पण हक्क आधी सरकारी पाहुण्यांचा. ऐनवेळी कुणी साहेब आले तर तुमचं आरक्षण गेलं म्हणून समजा. म्हणून तिथे जाताना जवळच्या एखाद्या लॉजचा नंबर खिशात ठेवावा. चादर-टॉवेलही घरचे न्यावेत.

बोललेली खोली मिळाली नाही तर काउंटरवर आवाज चढवून उपयोग नसतो, रात्री नऊला जाणार कुठे? खोलीचा, पाटीचा आणि बुकिंगच्या पानाचा फोटो घ्या. बिल भरताना त्यावरच 'मूळ इमारतीतील खोली दिली नाही' असं लिहून सही करा. मग घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हॉटेलच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फीही नाही.

हे सगळं ताईला ऐकवलं तेव्हा ती शांतपणे कणीस खात होती. म्हणाली, "जाधवगड माझ्या घरापासून तासाभरावर आहे. मी आपली दुपारी जेवायला जाईन, फिरेन आणि संध्याकाळी घरी झोपेन." जेवणावरही 18 टक्के लागतील, एवढं मी तिला सांगितलं.