आपले माप आपल्याला ठाऊक हवे

चप्पल घ्यायची तर आपण ती आधी पायात घालून पाहतो. टाच बाहेर येते का, अंगठा चावतो का, हे बघतो. दुकानातच चार पावले चालतो आणि मग पैसे देतो. बांगड्या भरायच्या तर कासार आधी हात दाबून पाहतो, मग बांगडी काढतो. डब्याला झाकण घ्यायचे तरी आपण डबा बरोबर नेतो.

पण एक कपडा असा आहे, की तो आपण न मोजता, न घालून पाहता, खाली मान घालून विकत घेतो. आणि तोच रोज बारा-चौदा तास अंगाला लागून असतो. तो कपडा म्हणजे बॉडी. कोणी तिला ब्रेसियर म्हणतात, कोणी ब्रा म्हणतात. नाव काही का असेना, ती मापाची नसली तर काचते, रुतते, खांद्यावर वळ उठवते. बाई बिचारी ते सोसते. तिला वाटते, बाईच्या जातीला हे असायचेच.

असे मुळीच नाही. आज आपण या कपड्याचे माप कसे घ्यायचे ते शिकू या.

चोळीची गाठ

आपल्या आज्या-पणज्या खणाची चोळी घालत. चोळीला पुढे गाठ असे. ती सैल बांधायची की घट्ट, हे जिचे तिच्या हातात होते. दिवस गेले, अंग भरले, की गाठ सैल व्हायची. आजारपणात अंग वाळले, की गाठ घट्ट व्हायची. आकडा विचारायची गरजच नव्हती. गाठ हेच माप होते.

पुढे शिवलेला ब्लाऊज आला आणि त्याच्या आत घालायची बॉडी आली. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईने दोन हातरुमाल आणि फीत जोडून असा एक कपडा केला होता. १९१४ साली तिने त्याचे पेटंट घेतले, म्हणजे सरकारदरबारी हक्क नोंदवला. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तिकडच्या कंपन्यांनी कटोरीच्या मापाला ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. तीच अक्षरे आज पुण्यातल्या दुकानांत खोक्यांवर छापलेली दिसतात.

चोळी आपल्या अंगावर बेतलेली असे. बॉडी कारखान्यात तयार होते. कारखान्याला आपले अंग कुठून ठाऊक असणार? तेव्हा आपले माप आपल्यालाच ठाऊक हवे.

दुकानात काय होते?

तुळशीबाग माहीत नाही अशी बाई पुण्यात विरळा. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी तिथे राममंदिर उभारले. आज त्या देवळाच्या आसपास बायकांच्या वस्तूंचा मोठा बाजार आहे. भांडी, बांगड्या, पिना, पर्स, आणि बॉड्यासुद्धा. गर्दी अशी, की खांद्याला खांदा लागतो. समजा, अशाच एखाद्या बाजारात एक मावशी बॉडी घ्यायला गेली आहे. तिथे बोलणे कसे होते ते ऐका.

"काय दाखवू मावशी?"

"बॉडी द्या एक." मावशी इकडे तिकडे बघत हळूच म्हणते.

"कितीची?"

"ब्लाऊज छत्तीसचा लागतो बघा. त्याच मापाची द्या."

"रंग कुठला देऊ?"

"कुठला पण द्या. कागदात गुंडाळून द्या म्हणजे झालं."

दोन मिनिटांत खरेदी संपली. घरी येऊन घातली, तर मागचा पट्टा पाठीवर चढतो आणि बंद खांद्यावरून घसरतात. बंद आवळले तर खांद्यात रुततात. परत द्यायला जावे, तर आतले कपडे पुष्कळ दुकानांत परत घेत नाहीत. मग मावशी म्हणते, "जाऊ दे, घालू तशीच." आणि ती बॉडी पुढे वर्षभर तिला काचत राहते.

यात चुकले काय? मावशीने ब्लाऊजचे माप सांगितले. ब्लाऊजचे माप एक असते. बॉडीची मापे दोन असतात. खरी मेख इथेच आहे.

दोन मापे

शिवणकामाची टेप घ्या. टेप नसेल तर सुतळी घ्या आणि ती नंतर मोजपट्टीवर मोजा. दाराला कडी लावा. अंगावर जाड कपडा नको. सरळ उभे राहा. एकटीला जमत नसेल, तर बहिणीला किंवा जावेला टेप धरायला सांगा.

पहिले माप : टेप स्तनांच्या अगदी खाली, बरगड्यांवरून फिरवा. श्वास सोडा. टेप अंगाला नीट लागू द्या, पण रुतू देऊ नका. जो आकडा येईल तो लिहून ठेवा.

दुसरे माप : टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून फिरवा. इथे टेप आवळू नका. ती पाठीवर खाली-वर झालेली नसावी. हाही आकडा लिहा.

आता हिशोब करू. समजा, मावशीचे पहिले माप ३० इंच आले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अशी रीत आहे : पहिला आकडा सम असेल तर त्यात ४ मिळवायचे, विषम असेल तर ५ मिळवायचे. ३० ही सम संख्या आहे. ३० आणि ४ मिळून ३४. हा झाला पट्ट्याचा नंबर.

मावशीचे दुसरे माप ३६ आले. ३६ मधून ३४ वजा केले. उरले २. वजाबाकीवरून कटोरीचे अक्षर ठरते. १ उरला तर ए, २ उरले तर बी, ३ उरले तर सी, ४ उरले तर डी. म्हणजे मावशीला ३४ बी हवी.

पाहिलेत ना? मावशीचा ब्लाऊज छत्तीसचा, पण बॉडी मात्र चौतिसाची. ब्लाऊजवरून घेतली म्हणून पट्टा सैल झाला. सगळा घोटाळा त्या दोन इंचांचा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. काहींच्या मापात ४ किंवा ५ मिळवावे लागत नाहीत. काहींची मापे सेंटिमीटरमध्ये असतात. (१ इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर.) खोक्यावर मापाचे कोष्टक छापलेले असते. आधी ते वाचा. आपल्याला आता आकडे आणि अक्षरे वाचता येतात. मग दुसऱ्याच्या अंदाजावर का विसंबायचे?

भार कोणी उचलायचा?

पुष्कळ बायकांना वाटते, की बॉडी खांद्यावरच्या बंदांवर टांगलेली असते. तसे नाही. बहुतेक भार खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो. बंद नुसते सांभाळायला असतात. पट्टा सैल असला, की सगळा भार बंदांवर येतो. मग खांद्यात खाचा पडतात, मान आणि खांदे दुखू शकतात. भाजीची पाटी उचलणारी बाई म्हणते, "ओझ्यानं दुखतंय." ओझ्याने दुखत असेलही, पण बॉडीही एकदा तपासून बघावी.

हिशोबाने नंबर काढला, तरी कपडा अंगावर घालून पाहावा. जिथे कपडे घालून पाहायला खोली आहे, असे दुकान निवडावे. नसेल तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारावे. बॉडी घातल्यावर या पाच गोष्टी बघाव्यात :

१. पट्टा पुढून मागून एका रेषेत आहे ना? पाठीवर चढत असेल तर तो सैल आहे.

२. पट्ट्याखाली दोन बोटे जातात ना? जात नसतील तर तो घट्ट आहे. नवी बॉडी सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे इलॅस्टिक सैल पडले, की आतले हुक उपयोगी येतात.

३. कटोरीतून अंग वर किंवा काखेकडे बाहेर येत असेल तर कटोरी लहान आहे. कटोरीला चुण्या पडत असतील तर ती मोठी आहे.

४. बंद रुतत नाहीत ना? घसरत नाहीत ना?

५. दोन्ही हात वर करा. खाली वाका. बॉडी जागची हलली नाही तर ती तुमच्या मापाची समजा.

पट्टा सैल आहे, पण कटोरी नीट बसते, असे झाले तर? पट्ट्याचा नंबर एक पायरी खाली घ्या आणि अक्षर एक पायरी वर. म्हणजे ३६ बी ऐवजी ३४ सी. दोन्हींच्या कटोरीत जागा सारखीच असते.

अंग बदलते, माप बदलते

लग्नात घेतलेल्या बॉडीचा नंबर जन्मभर पुरत नाही. वजन कमी-जास्त झाले, की माप बदलते. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा टेप धरावी.

मुलगी मोठी होऊ लागली, की तिला आईने आपणहून सांगावे. मोठ्या बहिणीची जुनी बॉडी तिच्या अंगावर चढवू नये. दोघींचे अंग सारखे नसते. तिचे माप तिच्यासमोर घ्यावे आणि तिलाच लिहू द्यावे.

गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर माप पुष्कळ बदलते. अंगावर पाजणाऱ्या बाईने घट्ट बॉडी घालू नये. स्तन दाबले जाऊन दूध अडू शकते आणि दुधाच्या गाठी होतात. पुढून उघडणारी, मऊ सुती बॉडी तिला सोयीची. गाठ दुखू लागली, ताप आला, तर दवाखान्यात जावे.

म्हातारपणी कोणाला बॉडी नकोशी वाटते. तिने नाही घातली तरी चालते. बॉडी घालणे हा काही नियम नव्हे. घालायची तर मापाची घाला, एवढेच आमचे म्हणणे.

उन्हात वाळू द्या

पुण्यातल्या वाड्यांत आणि चाळींत दोरीवर सगळ्यांचे कपडे असतात. पण बॉडी दिसते का? ती परकराखाली नाही तर टॉवेलाखाली लपवलेली असते. पावसाळ्यात ती तिथे ओलीच राहते. तीच दमट बॉडी सकाळी अंगात जाते. स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, पुरळ उठते, बुरशीचे चट्टे येतात, खाज सुटते. बाई खाजवते, पण सांगत नाही.

बॉडी रोज धुवा आणि उघड्यावर उन्हात वाळवा. निदान दोन तरी असाव्यात, म्हणजे एक वाळेल तोवर दुसरी घालता येईल. चट्टे आले तर डॉक्टरांना दाखवा. तो साधा त्वचेचा विकार आहे, औषधाने बरा होतो.

एक खोटी भीती

बॉडीने कर्करोग होतो असे काही जणी म्हणतात. ते खरे नाही. अमेरिकेत सिॲटल शहरातल्या संशोधकांनी सुमारे दीड हजार बायकांची माहिती घेऊन हे तपासले. २०१४ साली त्यांनी सांगितले, की बॉडी घालण्याचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

पण म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करू नका. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त किंवा पाणी आले, तर "बॉडीनं काचलं असंल" म्हणून बसू नका. गाठ दुखत नसली तरी लगेच डॉक्टरकडे जा. तिशीच्या पुढच्या बायकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही करतात. वेळीच कळले तर उपाय होतो. लाजेपायी उशीर झाला तर जिवावर बेतते.

लाज कशाची?

१८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. बाईने पाटी हातात धरणे तेव्हा लाजेचे वाटे. आज आपण हे पुस्तक उघड उघड वाचतो. ती लाज गेली. मग आपल्याच अंगाचे माप घ्यायला लाज कसली? ३४ बी हे चपलेच्या नंबरासारखेच माप आहे. ते मोठ्याने सांगावे. दुकानदाराला सांगावे, "चौतीस बी दाखवा. आणि घालून बघायची सोय आहे का?"

लक्षात ठेवा

ब्लाऊजचे माप आणि बॉडीचे माप एक नव्हे.
बॉडीची मापे दोन : एक स्तनांखालचे, एक भरल्या छातीचे.
भार पट्ट्याने उचलावा, बंदांनी नव्हे.
काचणे सोसू नका. माप बदला.
बॉडी उन्हात वाळवा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा.

करून पाहा

१. एका ताईचे पहिले माप ३१ इंच आणि दुसरे माप ३९ इंच आहे. तिच्या पट्ट्याचा नंबर काय? कटोरीचे अक्षर कोणते?

२. तुमच्या बॉडीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर कोणता आकडा आहे? अक्षर आहे का?

३. आज घरी स्वतःची दोन्ही मापे घ्या आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.