पायाची हकीगत

चि. बाळास,

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तू रुजू झाल्याचे वाचून संतोष वाटला. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ सी.टी. यंत्र हाताशी नसता ओळखावी कशी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या हकिगतीत पुष्कळसे दडलेले असते. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना बरगडीत कळ येते, नाडी धावते आणि छातीचा एक्स-रे मात्र निर्मळ, अशी कैफियत घेऊन जो येतो, त्याला आम्लपित्ताची गोळी देऊन वाटेला लावण्यापूर्वी त्याच्या दोन्ही पोटऱ्या उघड्या करून पाहा. कारण ही गाठ बहुधा पायाच्या खोल शिरेत धरते आणि तेथून सुटून हृदयावाटे फुप्फुसात जाते, हे रुग्णांच्या गावीही नसल्यामुळे पायाचे प्लास्टर, अलीकडची शस्त्रक्रिया, बाळंतपण अथवा गर्भनिरोधक गोळ्या यांचा उल्लेख ते आपण होऊन सहसा करीत नाहीत. तो तूच विचारून काढावयाचा.

डी-डायमरवर फाजील भिस्त नको. संशय थोडा असता तो अहवाल निर्दोष आला तर गाठ नाही असे मानण्यास हरकत नाही. वाढलेला आला तर मात्र काहीच शाबीत होत नाही, कारण जंतुसंसर्गात आणि गरोदरपणातही तो वाढतो.

संशय बळकट असून रक्तस्रावाचे भय नसेल, तर हेपॅरिन आधी आणि सी.टी. मागाहून. १९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट व जॉर्डन यांनी, सी.टी.चा जन्मही झाला नव्हता अशा काळी, प्रत्यक्ष तपासणीवर मदार ठेवून निदान केले, आणि रक्त गोठू न देणारी औषधे न मिळालेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण याच विकाराने दगावले, तर ती मिळालेल्या १६ जणांत या विकाराने एकही गेला नाही. एवढ्याशा संख्येवर एरवी मी विसंबलो नसतो, येथे विसंबतो.

रक्तदाब कोसळत असेल तर गाठ विरघळवणाऱ्या औषधाची तजवीज जिथे आहे तिथे विनाविलंब पाठव. बरा होऊन परतलेल्याला रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांची मुदत निदान तीन महिन्यांची असते हे घरच्या माणसांदेखत बजाव, कारण धाप ओसरताच गोळ्या फडताळात पडून राहतात. आणि रुग्णास पुढे धाडताना हेपॅरिन किती वाजता व किती मात्रेत दिले ते चिठ्ठीवर सुवाच्य लिहीत जा. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळीवर असलेल्या डॉक्टराला पुढील मात्रा त्यावरूनच ठरवावी लागेल.

तुझा,
काका